चोवीस अंशांची चूक

१

सोमवारी सकाळी सव्वानऊला मन्मथमामांनी ग्रहपेटीवरचं सील फाटलेलं पाहिलं आणि ते तिथंच, प्रोजेक्टरच्या पायाशी खाली बसले.

"म्या न्हाई," एवढंच ते म्हणाले. त्यांना कोणी काही विचारलंही नव्हतं.

लातूरच्या आमच्या तारांगणात नव्वद खुर्च्या आहेत, एक घुमट आहे आणि मधोमध तो काळा प्रोजेक्टर. त्याच्या दोन टोकांच्या दोन गोळ्यांमधून तारे पडतात. मधल्या पेटीत सूर्य, चंद्र आणि पाच ग्रह असतात. ताऱ्यांसाठी सोपी चकती आहे: महिना, दिवस आणि वेळ जुळवली की त्या घटकेचं आकाश समोर येतं. ग्रहांचं तसं नाही. प्रत्येक ग्रहाला शून्य ते तीनशे साठ अंशांची वेगळी चकती आहे. महिन्यातून एकदा मन्मथमामा अंतराळ संस्थेने दिलेल्या तक्त्यावरून त्या चकत्या हाताने लावतात, पेटी बंद करतात आणि वर कागदी सील चिकटवतात. सीलवर दोन सह्या असतात, मामांची आणि रेणुकादास सरांची.

आता त्या दोन्ही सह्या मधोमध फाटल्या होत्या आणि सातही चकत्या भलत्याच आकड्यांवर होत्या.

रेणुकादास सर आमचे संचालक. शाळेत तीस वर्षं विज्ञान शिकवून निवृत्त झालेले. त्यांनी चष्मा पुसला, सील पाहिलं, पुन्हा चष्मा पुसला.

"उद्या अकराला चंद्रप्रभा मॅडम येतायत," ते म्हणाले.

याचा अर्थ आम्हा सगळ्यांना माहीत होता. मॅडम अंतराळ संस्थेच्या अधिकारी आणि यंत्र संस्थेचं होतं, दोन वर्षांच्या बोलीवर आलेलं. उद्या दहा वर्षांचा नवा करार होणार होता आणि त्याबरोबर एक फुगवायचा फिरता घुमटही मिळणार होता. औसा, अहमदपूर, किल्लारी इथल्या शाळांच्या पटांगणात आकाश उघडणार होतं. पण करारात सातवं कलम होतं: अप्रशिक्षित माणसाने ग्रहपेटी उघडली आणि त्याचा समाधानकारक खुलासा झाला नाही, तर यंत्र परत. यादीत पुढचं नाव नांदेडचं होतं.

"नवं सील लावू की सर," मामा हळूच म्हणाले. "चकत्या संध्याकाळपर्यंत बसवतो. कुणाला कळतंय?"

"मला कळतंय ना," सर म्हणाले आणि माझ्याकडे वळले. "श्रद्धा, तू भौतिकशास्त्राची. उद्या अकरापर्यंत खुलासा पाहिजे. खरा."

"सर, ही तर नांदेडचीच हाय," मामा पुटपुटले.

म्हणजे पहिली संशयित मीच होते.

२

मी आधी चकत्यांना हात न लावता यंत्र सुरू केलं. घुमटावर पहाटेचं आकाश आलं, मृग नक्षत्र जवळजवळ डोक्यावर. ताऱ्यांची चकती तीस सप्टेंबर, पहाटे पाच या खुणेवर होती. जानेवारी महिन्यात सप्टेंबरची पहाट कोणाला हवी होती?

टॉर्च घेऊन मी जमीन पाहिली. पूर्वेच्या बाजूला दोन खुर्च्यांच्या रांगांमध्ये सतरंजीची घडी होती. एरवी ती कोठीत असते. सतरंजीखाली खोक्यातून कापलेला पुठ्ठ्याचा तुकडा होता. त्याच्या मधोमध ब्लेडने नीट कापलेलं त्रिकोणी भोक. पुठ्ठ्यावर छापलेलं होतं: 'सोमेश क्लासेस. उत्तरपत्रिका. नग ५००'. आणि कडेला पेन्सिलीने आकडे. बरेच पुसट झालेले, पण चार वाचता येत होते: ५।१३, ४।१७, ५।२७, १०।०.

सोमेश सर रविवारी सकाळी आमचा घुमट सराव परीक्षेसाठी भाड्याने घेतात. रविवारी खेळ नसतात, फक्त तिकिटाची खिडकी उघडी असते. त्यांना तो कायमचाच हवाय, हे सगळ्या लातूरला माहीत होतं. मी त्यांना क्लासवर गाठलं तेव्हा ते दोन बॅचच्या मधे उभ्याउभ्या चहा पीत होते.

"मॅडम, लवकर बोला. सीईटी चार महिन्यांवर आलीय. आपल्याकडं टाइम न्हाई."

"काल घुमटाची किल्ली तुमच्याकडे होती."

"हाव. एक वाजता पेपर सुटला, एक दहाला किल्ली तिकिटाच्या खिडकीत टांगली. दोन ते आठ म्या इथं तीनशे पोरांपुढं प्रकाशाचं वक्रीभवन शिकवून राहिलो होतो. तीनशे साक्षीदार हायेत, एकेकाचा रोल नंबर देऊ?"

"यंत्र गेलं तर घुमट तुम्हाला मिळेल, असं लोक म्हणतात."

ते हसले. "मिळंलच. पण म्या बिघडवायचं म्हणलं असतं तर पाना घातला असता, मॅडम. कागद फाडत बसलो नसतो."

मी पुठ्ठा पुढे केला. त्यांनी आकडे पाहिले आणि एका दमात सांगितलं, "हे काय सोपंय. आमच्या नोट्समधले प्रश्न. पाचव्या धड्याचा तेरावा, चौथ्याचा सतरावा, पाचव्याचा सत्ताविसावा. कुणीतरी पोरगं पेपरात येणारे प्रश्न लिहून घेऊन आलं असणार. सापडू द्या, बघतोच त्याच्याकडं."

"आणि दहाव्या धड्याचा शून्यावा प्रश्न?"

त्यांनी कप खाली ठेवला. पुठ्ठा हातात घेतला. बाहेर पुढच्या बॅचची मुलं जिन्यावर गोळा होत होती.

"शून्यावा प्रश्न नसतो," ते पहिल्यांदाच सावकाश बोलले.

३

मन्मथमामा रविवारी अहमदपूरला पुतणीच्या लग्नात होते. त्यांनी पुरावा म्हणून अक्षता चिकटलेला सदराच आणून दाखवला.

"मामा, तुमच्यावर संशय नाही," मी म्हटलं. "तुम्ही असता तर नवं सील लावून मोकळे झाला असता."

"म्हणजे म्या लबाड हाय म्हणून सुटलो?"

"थोडंसं तसंच."

ते हसले, मग सदऱ्याची घडी घालू लागले. "नांदेडला मशीन गेलं तर तुला नोकरी तिथं मिळंल. मला कोण घेणार? चौथी पास माणूस म्या. ह्या मशीनला लावलेली दोन वर्षं, तेवढंच शिक्षण."

तिकिटाच्या खिडकीत महादेवीताई बसल्या होत्या. तिशीच्या, कमी बोलणाऱ्या, अक्षर छापल्यासारखं. दोन वर्षांत त्यांनी एकही खेळ आत बसून पाहिला नव्हता. दाराशी उभ्या राहून मात्र रोज पाहत. त्या औशाच्या एका शाळेशी फोनवर बोलत होत्या.

"परवा नको, गुरुजी. परवा अमावास्या हाय, तुमचा जीपवाला ऐन वेळी न्हाई म्हणंल. गुरुवारी या." त्यांनी समोरच्या कॅलेंडरकडे पाहिलंसुद्धा नाही.

फोन ठेवल्यावर मी विचारलं, "काल एकनंतर किल्ली कोणी नेली?"

"खिळ्यालाच होती," त्या म्हणाल्या. मग माझ्या हातातल्या पुठ्ठ्याकडे त्यांची नजर गेली आणि तिकिटांची चळत, जी आधीच सरळ होती, ती त्यांनी पुन्हा सरळ केली.

४

दुपारी मी सगळे आकडे कागदावर मांडले. सूर्य १६३ अंश. शुक्र १३७. गुरू १७७. शनी ३००.

मग संस्थेचे जुने तक्ते काढले. शनी तीनशे अंशांवर होता तो १९९१च्या फेब्रुवारीत. गुरू एकशे सत्त्याहत्तरवर होता १९९२च्या सप्टेंबरात. आणि सूर्य एकशे त्रेसष्टवर येतो दर वर्षी सहा सप्टेंबरला. असं आकाश कधीच नव्हतं. प्रत्येक ग्रह वेगळ्या दिवशीचा.

"म्हणजे उगाच फिरवलेल्या चकत्या," रेणुकादास सर म्हणाले. "खोडसाळपणा. हाच खुलासा देऊ या का?"

मला ते पटत नव्हतं. खोडसाळ माणूस चकती फिरवतो आणि सोडून देतो. इथे सातही काटे अंशाच्या रेघेवर बरोबर थांबवलेले होते. कोणीतरी श्वास रोखून हे केलं होतं.

मी पुन्हा सूर्याकडे आले. ताऱ्यांची चकती म्हणत होती तीस सप्टेंबर. त्या दिवशी सूर्य असायला हवा १८७ अंशांवर. होता १६३वर. फरक चोवीस.

चोवीस.

मी सरांना विचारलं, "पंचांगातले अंश कुठून मोजतात?"

सर खुर्चीत सरळ झाले. "ताऱ्यांवरून. मेष राशीच्या आरंभापासून. आपला तक्ता मोजतो वसंतसंपातापासून, म्हणजे मार्चमध्ये दिवस-रात्र समान होतात तेव्हा सूर्य जिथे असतो त्या बिंदूपासून. सतराशे वर्षांपूर्वी दोन्ही एकाच जागी होते. संपात मागे सरकत गेला. आता फरक आहे..."

"चोवीस अंश."

"चोवीसपेक्षा जरासा कमी," सर म्हणाले आणि थांबले.

मी पुठ्ठ्यावरचे आकडे पुढे ओढले. ४।१७ म्हणजे चौथा धडा नव्हे. चार राशी पूर्ण आणि वर सतरा अंश. चार गुणिले तीस, अधिक सतरा: एकशे सदतीस. शुक्र. ५।१३ एकशे त्रेसष्ट, सूर्य. ५।२७ एकशे सत्त्याहत्तर, गुरू. आणि १०।० म्हणजे बरोबर तीनशे, शनी. पंचांगात शून्य अंश असतात.

मग मी प्रत्येक आकड्यात चोवीस मिळवले आणि तक्ते पुन्हा उघडले. शनी ३२४, गुरू २०१, शुक्र १६१, चंद्र पौर्णिमेला अगदी टेकलेला. आता सगळे एकाच दिवशी येऊन बसले. मी तारीख लिहिली आणि पेन खाली ठेवलं.

तीस सप्टेंबर १९९३.

आमच्या भागात ही तारीख कोणाला समजावून सांगावी लागत नाही. अनंत चतुर्दशीचे गणपती बोळवून लोक झोपले होते. तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी किल्लारीच्या आसपासची गावं खाली बसली.

"पण चकती तीन छप्पन्नवर नाही," सर हळूच म्हणाले. "पाचवर आहे. भूकंपानंतर तासाभराने आकाशाकडे कोण बघत होतं?"

५

मंगळवारी सकाळी नऊला मी खिडकीशी गेले. पुठ्ठा काउंटरवर ठेवला.

"ताई, वर्ष संपलं की लोक पंचांग रद्दीत टाकतात. दहा वर्षांपूर्वीचं पंचांग जपून ठेवणारा माणूस मी शोधत होते. ज्याला ते वाचताही येतं, आणि रविवारी दुपारी किल्लीजवळ जो एकटाच होता."

महादेवीताईंनी पिशवीतून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं पंचांग काढलं. शके १९१५. एका बाजूने मातीच्या डागाने तांबूस झालेलं.

"अप्पांचं, माझ्या वडलांचं हाय," त्या म्हणाल्या. "आमी जंगम. गावात मुहूर्त अप्पाच काढायचे. राशी-अंश त्यांनीच शिकवले मला. त्यांच्या उशाशी सापडलं हे."

मी त्या तांबूस डागाकडे पाहिलं.

"किल्लारीपासून चार कोसावर गाव आमचं. माळवदाचं घर, छतावर हातभर माती. सगळं आलं खाली. म्या उताणी, पाय पूर्वेला, दाराकडं. दारावरचा वासा तिरका पडला होता, त्याच्या अन् भिंतीच्या मधे एवढी फट राहिली." त्यांनी त्रिकोणात बोट फिरवलं. "आधी नुसता अंधार. मग फटीत खालून एक तारा आला. लई मोठा. म्या त्याच्याकडंच बघत राहिले. मनात म्हणलं, हा हाय तोवर म्या हाय. तो वर सरकत सरकत गेला अन् फटीच्या टोकाला दिसंनासा झाला, तवा उजाडायला लागलं होतं. मग माणसांचे आवाज आले."

"आणि?"

"दवाखान्यात सांगितलं, तर म्हणले, धूळ होती सगळीकडं, तारा कुठला दिसतो, भास झाला तुला. माझा मामा तेच म्हणला, मावशीबी तेच म्हणली. आठ वर्षं असंच चाललं. मग हे मशीन आलं. म्हणलं, कुणाला इचारायचं कशाला? आपणच बघावं." त्यांनी पंचांग पुन्हा गुंडाळलं. "बघितलं. पुठ्ठा धरून, तसंच झोपून बघितलं. फटीत काईच न्हाई, मॅडम. शुक्र होता, पर पार वर, भलतीकडं. भासच होता तो."

त्यांचा आवाज अगदी सरळ होता, तिकिटाचा दर सांगावा तसा. त्यामुळेच मला पुढे बोलणं अवघड गेलं.

"पेटी मग तशीच का सोडली?"

"मूळचे आकडे लिहून घेतले नव्हते. पुन्हा लावणार कशावरून? अन् मन्मथमामांवर येईल, मशीन जाईल, हे रात्रभर डोक्यात फिरत राहिलं. काल तोंड उघडवलं न्हाई. आज सांगणार हाय म्या."

तेवढ्यात फाटकातून जीप आत आली. चंद्रप्रभा मॅडम दीड तास लवकर आल्या होत्या.

६

मॅडम नांदेडहून निघाल्या होत्या. उंच, पांढऱ्या केसांच्या, हातात कराराची फाइल. घुमटात आम्ही सगळे जमलो. सोमेश सरही आले होते. क्लासची सकाळची बॅच त्यांनी दुसऱ्याकडे सोपवली होती, असं कधीच होत नाही. मॅडमनी सील पाहिलं.

"सातवं कलम मीच लिहिलंय," त्या म्हणाल्या. "कोणी सांगेल का?"

मी तोंड उघडण्याआधी महादेवीताई पुढे झाल्या.

"सील म्या फाडलं. मन्मथमामांचा काई संबंध न्हाई. मला एक तारा बघायचा होता. तो नव्हताच. चूक झाली."

मामा त्यांच्याकडे पाहतच राहिले. मॅडमनी फाइल उघडली नाही, पण खालीही ठेवली नाही.

"मॅडम," मी म्हटलं, "चूक झाली, पण त्या म्हणतात ती नव्हे. चूक चोवीस अंशांची आहे. मला दहा मिनिटं द्या."

पंचांग, तक्ता, दोन आरंभबिंदू, सगळं मी सांगितलं. ताऱ्यांची चकती बरोबर होती आणि ग्रह चोवीस अंश मागे होते. म्हणून त्यांना शुक्र बत्तीस अंश उंचीवर दिसला. खरा शुक्र त्या पहाटे पाच वाजता क्षितिजापासून जेमतेम आठ अंशांवर होता.

महादेवीताईंनी मान वर केली. हे त्या पहिल्यांदाच ऐकत होत्या.

मॅडमनी घड्याळ पाहिलं. "ऑपरेटर, शुक्र एकशे एकसष्टवर घ्या. वेळ साडेचारपासून सोडा."

मामांनी चकती लावली. महादेवीताई सतरंजीवर उताण्या झाल्या, पाय पूर्वेला, पुठ्ठा समोर धरलेला. दिवे गेले. मी त्यांच्या शेजारी झोपून त्याच भोकातून पाहत होते. मामांनी आकाश हळूहळू फिरवायला घेतलं. त्रिकोण रिकामा होता. काळा.

"न्हाई," त्या म्हणाल्या.

"थांबा."

त्रिकोणाच्या खालच्या कडेला एक ठिपका उमटला. पांढरा, आसपासच्या कुठल्याही ताऱ्यापेक्षा मोठा. पुठ्ठा हलला आणि तारा हलल्यासारखा वाटला. मी पुठ्ठ्याला खालून आधार दिला.

 मग अंधारातून त्यांचा आवाज आला, "आता सरळ वर न्हाई जाणार तो. उजवीकडं झुकत जाईल. अन् उजव्या कडेला लागून टोकाकडं."

आकाश फिरत राहिलं. शुक्र चढला आणि चढता चढता उजवीकडे कलला, कडेला लागला, टोकाजवळ गेला आणि पुठ्ठ्याआड झाला.

लातूरच्या अक्षांशावर पूर्वेला उगवणारा तारा सरळ वर चढत नाही; अठरा अंश दक्षिणेकडे कलून चढतो. आमच्या एकाही खेळात आम्ही हे सांगत नाही. ज्याने फटीतून तासभर टक लावून पाहिलं असेल, त्यालाच ते ठाऊक असणार.

"भास असा कलत नाही," रेणुकादास सर अंधारातच म्हणाले.

"शुक्र होता," महादेवीताई म्हणाल्या. "अप्पांच्या पंचांगात होता की तो. तिथंच होता."

दिवे लागले तेव्हा त्या उठून बसल्या होत्या आणि पदराने पुठ्ठा पुसत होत्या, चेहरा नव्हे.

सोमेश सरांनी घसा खाकरला. "मॅडम, एक इचारू? माझ्या पोरांना हे दाखवता येईल का? सिलॅबसमधी न्हाई म्हणा. पर रविवारी पेपर झाल्यावर अर्धा तास..."

"ते संचालकांना विचारा," चंद्रप्रभा मॅडम म्हणाल्या. त्यांनी फाइल उघडली आणि सातव्या कलमावर बोट ठेवलं. "इथं 'अप्रशिक्षित' लिहिलंय. कलम मी बदलणार नाही. यंत्राला वाटेल तो हात लागून चालत नाही, महादेवी, तुम्ही विचारायला हवं होतं."

"हाव, मॅडम."

"पण खुलासा समाधानकारक आहे. आणि फिरत्या घुमटाला चालवणारं माणूस अजून ठरलेलं नाही. तीन आठवड्यांचं प्रशिक्षण, हैदराबादला. राशी-अंश येतात. चोवीस मिळवायला शिकवावं लागेल, एवढंच." त्या मामांकडे वळल्या. "तोवर तुम्ही शिकवा."

"म्या?" मन्मथमामा म्हणाले. "म्या शिकवू?" आणि त्यांनी लग्नातला सदरा नीट केला.

करारावर सह्या झाल्या. मग मॅडमनी यंत्राची नोंदवही मागवली. ग्रहपेटी उघडली की त्यात नोंद करायचीच, हा नियम. रविवारची ओळ कोरी होती. ती त्यांनी महादेवीताईंपुढे सरकवली.

त्यांनी छापल्यासारख्या अक्षरात रकाने भरले. मी खांद्यावरून वाचत होते.

दिनांक: १८ जानेवारी २००४. वेळ: दुपारी २ ते ४. कोणतं आकाश लावलं: ३० सप्टेंबर १९९३, पहाट. कारण: एक तारा ओळखायचा होता.

शेवटचा रकाना शेऱ्याचा होता. तिथे त्या जरा थांबल्या. मग लिहिलं:

ओळखला.